चान्या महिनोन्‌महिने टिकतात, मग सॉसेज का नाही?



रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही आरोग्य गटाच्या बायका अर्धा तास मागे थांबतो. कुणाला रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारायचे असते, कुणाला बाळाच्या वजनाची काळजी असते. गेल्या महिन्यात मात्र सगळी चर्चा सॉसेजवर गेली. आमच्यातल्याच एकीच्या मुलाने मोबाइलवर पाहून "घरी कर ना" असे टुमणे लावले होते. तिने बड्याचा खिमा आणला, रात्री मसाला कालवला आणि "मुरू दे" म्हणून झाकून ओट्यावर ठेवला. सकाळी वळून तळले, पोरांच्या डब्यात दिले. दुपारपर्यंत घरातले तिघे उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. धाकट्याला सलाईन लावावे लागले.

तिला विचारूनच आम्ही हे लिहीत आहोत. तिला सगळ्यात जास्त लागले ते सासूबाईंचे बोलणे. त्या म्हणाल्या, "आम्ही उन्हाळ्यात चान्या करायचो, दोरीवर वाळवायचो आणि पावसाळाभर खायचो. फ्रिज कुठं होता तेव्हा? तुमचं एका रात्रीत कसं नासलं?"

सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नाही. उलट त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर घरी सॉसेज करताना कोणती काळजी घ्यायची ते वेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर तोच प्रश्न घेतला आहे.

चान्या का टिकतात?

ताज्या मांसात साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असते. जंतूंना जगायला आणि वाढायला हे पाणी लागते. चान्या करताना आपल्या आज्या मांसाचे लांब, पातळ पट्टे कापत, मीठ-हळद लावत आणि कडक उन्हात दोरीवर टाकत. पट्टा पातळ असल्याने ऊन-वारा दोन्ही बाजूंनी लागे आणि पाणी लवकर उडून जाई. जे थोडे उरे ते मीठ धरून ठेवी. जंतूंच्या वाट्याला पाणीच येत नसे, म्हणून ते वाढत नसत. शिवाय खाताना चान्या निखाऱ्यावर भाजत, तळत किंवा कालवणात शिजवत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या या खाण्याची नोंद आहे. ती फक्त गरिबीची खूण नव्हती, तर फ्रिज नसताना मांस टिकवायचे ते शास्त्रच होते.

पण त्या शास्त्राला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. वाळवल्याने जंतूंची वाढ थांबते, पण सगळे जंतू मरत नाहीत. काळपुळीच्या रोगाचे जंतू तर कोरड्यातही वर्षानुवर्षे तग धरतात. रोगाने मेलेल्या जनावराच्या चान्या कितीही कडक वाळवल्या तरी तो धोका जात नाही. "कुणाला काही झालं नाही" असे आपण म्हणतो, पण त्या काळी कोण कशाने गेले याची नोंद कुणी ठेवली होती?

खिम्यात नेमके उलटे घडते

निरोगी जनावराच्या मांसाचा मोठा तुकडा घेतला, तर त्याच्या आत जंतू जवळपास नसतात. ते असतात वरच्या बाजूला. कातड्याचे, आतड्याचे, सुरीचे, ठोकळ्याचे आणि हातांचे जंतू तिथे लागलेले असतात. असा तुकडा शिजवला की वरची बाजू सगळ्यात आधी तापते.

खिमा केला की वरची बाजू आत जाते. एका तुकड्याच्या कडेला असलेले जंतू सगळ्या खिम्यात मिसळतात. त्यात आपण पाणी, आले-लसूण घालतो, हाताने मळतो आणि घट्ट वळतो. म्हणजे चान्यांत पाणी काढून टाकले, तर इथे ओलावा आतच कोंडला. चान्या पातळ होत्या, सॉसेज जाड आहे. चान्यांना मीठ भरपूर होते, इथे चवीपुरते आहे. मसाल्याने वास झाकला जातो, पण जंतू मरत नाहीत.

आता हिशेब पाहू. उबदार हवेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या गतीने एका जंतूचे चार तासांत ४,०९६ होतात आणि आठ तासांत दीड कोटीच्या वर जातात. झाकण घातल्याने काही फरक पडत नाही. आपल्या मैत्रिणीच्या ओट्यावर रात्रभर हेच चालले होते.

"पण तळल्यावर तर सगळे मरतात ना?" हा प्रश्न त्या दिवशी तिघींनी विचारला. जंतू मरतात, पण काही जंतू वाढताना विष तयार करतात आणि ते विष तळूनही जात नाही. हातावरच्या फोडातून, नाकातून अन्नात जाणारे जंतू असेच आहेत. त्यांचे विष पोटात गेले की काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून "वास आला तर तळून टाकू" हा उपाय नाही.

सॉसेजचा आणि विषबाधेचा संबंध जुना आहे. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागात २०० वर्षांपूर्वी घरगुती सॉसेज खाऊन माणसे लुळी पडत, श्वास बंद होऊन मरत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी १८२० आणि १८२२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन लिहिले. सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोटुलुस' म्हणतात, त्यावरून या आजाराचे नाव बोट्युलिझम पडले. त्याचे जंतू हवा नसलेल्या ओलसर जागेत वाढतात. म्हणून कच्चे किंवा शिजवलेले सॉसेज तेलात बुडवून, बरणीत घट्ट बंद करून फळीवर ठेवू नये. ते लोणचे नाही.

कारखान्यात यासाठी नायट्राइट नावाचे क्षार अगदी मोजून घालतात. मोबाइलवर पाहून ते घरी आणू नका. प्रमाण थोडे चुकले तरी रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, लहान मुलांत तर फार लवकर. आपण टिकवण्यासाठी सॉसेज करत नाही, त्याच दिवशी खाण्यासाठी करतो. एवढे ठरवले की त्या क्षाराची गरजच उरत नाही.

मांस कुठून आणि कसे आणावे

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली. तेव्हापासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला परवानगी आहे, पण जनावर कापण्याआधी दाखला घ्यावा लागतो. म्हणून या लेखात 'बड्याचे' म्हणजे म्हशीचेच मांस समजावे. ते परवान्याच्या दुकानातूनच घ्यावे आणि पावती मागून जपून ठेवावी. पावती आपल्या आरोग्यासाठी आहे आणि रस्त्यात कुणी अडवले तर आपल्या संरक्षणासाठीही आहे.

तपासलेले मांस म्हणजे पशुवैद्यकाने जनावर कापण्याआधी आणि नंतर पाहिलेले मांस. न तपासलेल्या मांसात फीतकृमीची पिल्ले असू शकतात. कच्चट मांसातून ती पोटात गेली तर आतड्यात काही मीटर लांबीचा जंत वाढतो.

आणि आजारी पडलेल्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस तर नकोच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले ते स्वाभिमानासाठी. आरोग्याचे शास्त्रही आज तेच सांगते. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गोमांस खाण्यावरून आपल्या पूर्वजांना कसे वाळीत टाकले गेले याची मांडणी केली. ज्यांना मांस खायचे नाही त्यांनी खाऊ नये, आपल्यातही अनेक उपासक-उपासिका शाकाहारी आहेत. पण ताजे, तपासलेले, स्वच्छ शिजवलेले मांस खाणाऱ्याने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

खिमा आधीच करून ठेवलेला घेऊ नका. चरबी कमी असलेला अखंड तुकडा निवडा, यंत्र धुवायला सांगा आणि डोळ्यांसमोर खिमा करून घ्या. भाजी, किराणा आधी घ्या, मांस शेवटी घ्या आणि थेट घरी या. बाहेर ऊन असेल तर कच्चा खिमा तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नका.

करायची पद्धत

चार-पाच माणसांच्या घराला अर्धा किलो खिमा पुरतो. त्याची साधारण १२ सॉसेज होतात.

साहित्य: बड्याचा खिमा ५०० ग्रॅम, मीठ सपाट सव्वा छोटा चमचा म्हणजे ७ ते ८ ग्रॅम, आले-लसूण वाटण एक मोठा चमचा, बारीक चिरलेली मिरची आणि कोथिंबीर, काळी मिरी आणि धने कुटून, घरचा काळा मसाला आवडीप्रमाणे, भाजलेले बेसन दोन मोठे चमचे, तेल दोन मोठे चमचे आणि उकळून गार केलेले थंडगार पाणी तीन-चार चमचे.

मांस घरी येण्याआधीच मसाला वाटून, भांडी घासून, इडलीपात्र किंवा मोदकपात्र पाण्यासह गॅसवर ठेवून तयार राहावे. मांस शेवटी येते आणि सगळ्यात आधी शिजते, हे सूत्र.

१. हात साबणाने २० सेकंद धुवावेत. हाताला फोड, जखम असेल किंवा पोट बिघडलेले असेल, तर त्या दिवशी दुसऱ्याने हे काम करावे.

२. खिम्यात आधी फक्त मीठ घालून पाच मिनिटे मळावे. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात आणि खिमा चिकट होतो. त्यामुळेच सॉसेज वळते आणि तुटत नाही. बड्याच्या मांसात चरबी कमी असते, म्हणून ते भुसभुशीत होण्याची भीती असते. या मळण्याने आणि बेसनाने ते जुळून येते. परात बर्फाच्या पाण्यावर ठेवली तर आणखी चांगले.

३. मग मसाला, बेसन, तेल, गार पाणी घालून दोन मिनिटे मळावे. मुरवत ठेवू नये. कच्चे मिश्रण चाखून पाहू नये. मीठ पाहायचे असेल तर सुपारीएवढा गोळा तव्यावर पूर्ण भाजून चाखावा.

४. तेलाच्या हाताने अंगठ्याएवढी जाड आणि बोटभर लांब सॉसेज वळावीत. जास्त जाड करू नयेत, आत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. आतड्याचे आवरण घालू नये. आतडे घरी पूर्ण स्वच्छ करणे फार अवघड आहे आणि सगळ्यात जास्त जंतू तिथेच असतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाफवू नये, ती पिशवी गरम अन्नासाठी केलेली नसते. हवे तर केळीचे पान घ्यावे.

५. चाळणीला तेल लावून सॉसेज सुटी सुटी मांडावीत. जोरात वाफ आल्यावर २० मिनिटे झाकण न काढता वाफवावीत.

६. मग तव्यावर थोड्या तेलात खरपूस परतावीत. जळू देऊ नयेत.

आतून शिजले का हे रंगावरून कळत नाही. खिमा कधी कधी पुरेसा न तापताच तपकिरी दिसतो. जंतू मारण्यासाठी सॉसेजच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सियस उष्णता पोहोचावी लागते. स्वयंपाकाचा टोचून पाहायचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड सॉसेजला टोचून पाहावा. नसेल तर अंगठ्याची जाडी आणि २० मिनिटांची वाफ, हे दोन्ही नियम सोडू नयेत. आधी नुसते तळायला गेलो तर वरून काळे आणि आतून कच्चे राहते, म्हणून आधी वाफ, मग तवा.

कच्च्या मांसाची पाटी, सुरी आणि परात साबण आणि गरम पाण्याने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-काकडी चिरू नये. शिजलेली सॉसेज कच्च्या खिम्याच्या ताटात परत ठेवू नयेत. आमच्या पाहण्यात सर्वात जास्त चूक इथेच होते.

उरले तर?

शिजवल्यावर दोन तासांच्या आत खावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. मे महिन्याच्या उकाड्यात हा वेळ एकच तास समजावा. शिजवूनही काही जंतूंची बीजे मरत नाहीत आणि अन्न सावकाश गार होत असताना ती पुन्हा वाढतात. म्हणून उरलेले पातेल्यात रचून न ठेवता ताटात पसरून लवकर गार करावे. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवावे आणि खाताना वाफा निघेपर्यंत गरम करावे. रात्रभर वीज गेली असेल तर फेकून द्यावे. जीव हळहळतो, पण अर्धा किलो खिम्यापेक्षा दवाखाना महाग पडतो.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी हळहळू नये. त्या वेळेपुरतेच करावे. सकाळच्या डब्यात द्यायचे असेल तर सकाळीच करावे. दुपारपर्यंत उन्हात राहणाऱ्या डब्यात मात्र देऊच नये. १४ एप्रिलच्या किंवा लग्नाच्या जेवणासाठी तर आदल्या रात्री खिम्याचे काहीही करून ठेवू नये.

किती खावे, कुणी जपावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले आहे. मांसातले लोह शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज लागते. १०० ग्रॅम चरबी नसलेल्या कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय ब-१२ जीवनसत्त्व. म्हणून ताटात पहिले सॉसेज मुलाला आणि नवऱ्याला, आणि बाईला फक्त रस्सा, असे करू नका. बाईनेही बसून, बरोबरीने खावे. बरोबर लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा घेऊ नये. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.

दुसरी बाजूही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवलेले, धुरावलेले, टिकवलेले मांस कर्करोग होण्यास कारणीभूत ठरते असे जाहीर केले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बाजारातले पाकिटातले सॉसेज यातच येते आणि खारवलेल्या चान्याही येतात. घरच्या ताज्या सॉसेजमध्ये ते क्षार नाहीत, धूर नाही. तरीही बडे हे लाल मांसच आहे. शिजवलेले लाल मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या वर जाऊ नये. सॉसेज पंधरवड्यातून एखाद्या वेळी करावे, बाकी दिवशी डाळ, अंडी, भाजी, भाकरी आहेच.

रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ आणखी कमी करावे आणि वर पापड-लोणचे घेऊ नये. मूत्रपिंडाचा किंवा युरिक ॲसिडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि पाच वर्षांखालील मुले यांना कच्चट मांस कधीही देऊ नये. लहान मुलांना सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नयेत, त्या घशात अडकतात. उभे चिरून मग बारीक तुकडे करावेत.

पोट बिघडलेच तर

एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे, किंवा दवाखान्यातले ओआरएस द्यावे. लाजेने काय खाल्ले ते लपवू नये. डॉक्टरांना "बड्याचा खिमा खाल्ला, अमुक वाजता" असे स्पष्ट सांगावे, त्यावरच उपचार ठरतात. मनाने जुलाब थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक देऊ नये. शौचातून रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे, नजर दुहेरी होणे, गिळताना त्रास होणे, यातले एकही लक्षण दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आपल्या मैत्रिणीने पहिले तीन तास "बड्याचं खाल्लं कसं सांगू" या संकोचात घालवले. जे खाणे कायद्याने चालते आणि आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच्या संकोचापायी पोराचा जीव धोक्यात घालू नये.

धाकटा आता बरा आहे. मागच्या रविवारी तिने आम्हा सगळ्यांसमोर पुन्हा सॉसेज केले. खिमा दहा वाजता आला, साडेदहाला मोदकपात्रात गेला आणि बारा वाजता ताट रिकामे होते. सासूबाईंनी एक खाऊन पाहिले आणि म्हणाल्या, "चान्यांची सर नाही. पण ताजं आहे, चांगलं आहे."